न भाजलेले पाय

धार, ता. ६ फेब्रुवारी १९०८

तीर्थस्वरूप सौभाग्यवती आक्कासाहेब यांच्या चरणी धाकटा भाऊ गणोजी याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर सूनबाई चारुलतेचं आहे, टोमणे मात्र तुमचेच, तेव्हा प्रकृती अगदीच खालावलेली नसावी असं समजलो. पण पत्राच्या शेवटी सूनबाईंनी आपल्या मनानं एक ओळ घातली आहे. ती त्यांनी तुम्हाला वाचून दाखवली नसणार. सासूबाईंना आता ताटातलं मीठ कुठलं नि चटणी कुठली ते दिसत नाही, बोटानं चाचपून बघतात, असं लिहिलं आहे. ते वाचून मी पानावरून उठलो. आईमागे मला तुम्ही वाढवलंत. पहिल्यांदा घोड्यावर तुम्हीच बसवलंत, आणि पडलो तेव्हा पोट धरून हसलातही तुम्हीच. आज मी इथल्या पागेचा दारोगा म्हणून मिरवतो, शेकड्यांनी घोडी माझ्या हाताखाली आहेत, आणि तुमच्यासाठी काही करता येत नाही याची लाज वाटते.

म्हणून एक ठरवलं आहे. सरदारपूरच्या वाटेवर देवीचं एक ठाणं आहे. धुळवडीच्या दिवशी तिथं चूल पेटते. लांबच लांब चर खणतात, त्यात लाकडं जाळून निखारे करतात, वर तूप ओततात, आणि ज्यांचा नवस असेल ते अनवाणी त्यावरून चालत जातात. यंदा मी चालणार. आक्कांची दृष्टी परत यावी, एवढंच मागणं आहे. पागेतल्या मंडळींनी तोंडात बोटं घातली, की दारोगासाहेब खेडवळांच्या रांगेत उभे राहणार! घरी नर्मदाबाईंनी तर अबोला धरला आहे. तुम्ही धरू नये.

आपला,
गणोजी

*

देवास, ता. २० फेब्रुवारी १९०८

चिरंजीव गणोजीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला अक्कल कधी येणार हे देवीलाच विचारायला हवं. डोळे माझे बिघडले, पाय तू भाजून घेणार, यात त्या बाईचा काय फायदा? भावजयीचा अबोला मला मान्य आहे. तिला सांग, माझ्या वाटचाही धर.

मी डोळे दाखवून आले. चिंतामणराव म्हणून एक डॉक्टर मुंबईला शिकून इथं आले आहेत. आता आमच्या देवासची तऱ्हा तुला ठाऊकच आहे. आम्ही थोरल्या पातीचे, डॉक्टर राहतात धाकट्या पातीत. बाजाराचा रस्ता ओलांडला की दुसरं राज्य! तुझे दाजी घोळ घालत बसले, परराज्यात जाऊन डोळे दाखवणं आपल्या दरबारी रुचेल का म्हणून. मी म्हटलं, मला दिसत नाही, मी कुठल्या राज्यात बसले आहे ते मला कसं कळणार?

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पण डॉक्टरांनी आधी लघवी मागितली. चारुलता हे लिहायला लाजते आहे, मी म्हटलं लिही मुकाट्यानं, मामेसासऱ्यांनाच जातंय पत्र. डोळे दाखवायला आलेल्या बाईकडं हा माणूस मूत मागतो! ते त्यांनी नळीत घालून, औषध टाकून तापवलं. गोड निघालं. मला मधुमेह आहे, आणि तो बऱ्याच वर्षांचा असावा. ते म्हणाले, हा रोग एकटा येत नाही. लग्नाला व्याही येतो तसा सगळा गोतावळा बरोबर आणतो. कुणाच्या डोळ्यांवर पडदा येतो, कुणाच्या मानेवर काळपुळी उठते, कुणाचे दात हलतात, कुणाला पुढं छातीचा क्षय धरतो. आणि लोक पाहुण्यांना औषधं पाजत बसतात, व्याह्याकडं कुणी बघत नाही.

तर माझा गूळ बंद, भात बंद, बटाटा बंद. परवा घरात दाल-बाफले झाले आणि मी लाडवाचा नुसता वास घेतला. साखर उतरली की मग ते डोळ्याची शस्त्रक्रिया करणार, नाही तर जखम भरायची नाही म्हणतात. तेव्हा तुझा नवस रहित कर. माझं काम डॉक्टरांकडं लागलं आहे.

तुझी,
आक्का

*

धार, ता. १२ एप्रिल १९०८

तीर्थस्वरूप आक्कासाहेब यांस शिरसाष्टांग नमस्कार.

नवस बोललेला होता, तो रहित कसा करणार? चाललो. आणि काय सांगू, आक्का! माझ्या पुढे एक तरणाताठा शेतकरी होता, तो शेवटी शेवटी उड्या मारत पळाला. मागची बाई ओरडत होती. मी मात्र सावकाश, एकेक पाऊल टेकवत या टोकाकडून त्या टोकाला गेलो. हूं नाही की चूं नाही. पुजारी माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, “रावसाब, तमारे पे तो माता राजी हे!” बायकांनी दुधानं माझे पाय धुतले आणि ते तीर्थ म्हणून प्यायल्या. मी नको नको म्हणत होतो. खरं सांगायचं तर फार मोठ्यानं म्हणत नव्हतो.

आता दर मंगळवारी आमच्या ओसरीवर माणसं येतात. पाय धुतात, तीर्थ नेतात. मोठमोठ्या घरांतून नारळ येतात. माझ्या हाताखालचा उदाजीराव, ज्याला मी रोज फैलावर घेतो, तो माझ्या पायांवर डोकं ठेवून गेला. पुढच्या वर्षी त्यालाही मुलासाठी नवस करायचा आहे.

उजव्या तळव्याला थोडे फोड आले आहेत, त्याचं विशेष काही नाही. तुम्हाला दिसू लागेल याची मला आता शंका उरलेली नाही.

आपला,
गणोजी

*

देवास, ता. ३० एप्रिल १९०८

चिरंजीव गणोजीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिसलं. उजवा डोळा झाला. आठवडाभर डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत उताणी पडून होते, हलायची बंदी, बोलायचीही बंदी. दुसरी मला पाळता आली नाही. पट्टी काढली आणि पहिल्यांदा तुझे दाजी दिसले. अरे, हे केवढे म्हातारे झालेत! मला कुणी सांगितलंच नव्हतं. चारुलता गोरी आहे असं लग्नात ऐकलं होतं, तेही पडताळून पाहिलं. चष्मा आल्यावर लिहीन-वाचीन असं डॉक्टर म्हणतात, तोवर लेखणी तिच्याच हाती.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक गंमत केली. मला डोळे मिटायला सांगितले आणि तळपायांना सुई टोचत बसले. टोचलं की सांगा म्हणाले. मी प्रत्येक वेळी सांगितलं, एकदा जरा जोरातच. ते खूश झाले.

आता तुला मी काही गोष्टी विचारते, त्यांची सरळ उत्तरं दे. का विचारते ते विचारू नकोस. चुलीवर चालताना तुला भाजल्याचं कळलं का, थोडं तरी? हल्ली तहान फार लागते का? रात्री लघवीला सारखं उठावं लागतं का? अंगानं वाळला आहेस का? आणि ते फोड बरे झाले का? तू मोठा भक्त आहेस, तेव्हा खोटं बोलणार नाहीस असं धरून चालते.

तुझी,
आक्का

*

धार, ता. १० मे १९०८

तीर्थस्वरूप आक्कासाहेब यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. घरात पेढे वाटले. तुमच्यासाठी चाललो ते फळाला आलं. डॉक्टरांच्या हाताला देवीनंच यश दिलं.

तुम्ही चुलीबद्दल विचारता. तुमच्या तिकडच्या बायकांना सांगायचं असेल तर हे खुशाल सांगा: मला काडीचंही भाजलं नाही. गालिच्यावरून चालावं तसा चाललो. निखाऱ्यांची धग तोंडाला लागत होती, गुडघ्यांना लागत होती, पावलांना नाही. याहून मोठी साक्ष कोणती? पूर्वी तीन-चार वर्षं माझ्या पायांना झिणझिण्या येत असत, आग आग होई. त्याही वर्षभरात थांबल्या आहेत. देवीनं आधीच तयारी चालवली होती म्हणायची.

तहान लागते, आमच्याकडं मे महिन्यात कुणाला लागत नाही? उठावं लागतं, पाणी पितो म्हणून. नवसाच्या उपासानं मी सडपातळ झालो आहे, पागेत सगळे म्हणतात की दारोगासाहेब तरुण दिसू लागले. दिवाळीत पाठीवर गळू झालं होतं, ते भरायला थंडी संपली. तेव्हा उमाशंकर वैद्यांनी मला तोंडावर विचारलं, “रावसाब, पेशाब पे चींटी तो नी लगे?” मी म्हटलं, महाराज, आमच्या पागेत एवढी घोडी मुततात, त्यात माझं कुठलं ते मुंग्यांना विचारा. म्हातारा रागावून गेला. फोड अजून ओले आहेत, पण दुखत नाहीत.

आपला,
गणोजी

*

देवास, ता. १८ मे १९०८

चिरंजीव गणोजीस आशीर्वाद.

आज थट्टा नाही. तुझं पत्र घेऊन मी रस्ता ओलांडून डॉक्टरांकडं गेले. चारुलतेनं त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ते मधेच उठून उभे राहिले.

गणोजी, जो रोग मला आहे तोच तुला आहे. माझ्या घरी तो डोळ्यांत उतरला, तुझ्या घरी पायांत. या रोगात पायांच्या शिरा हळूहळू मरतात. आधी झिणझिण्या येतात, आग होते, आणि मग सगळं शांत होतं. माणसाला वाटतं बरं झालं. तुला भाजलं नाही असं नाही, तुला भाजलेलं कळलं नाही. ते फोड म्हणजे भाजणंच आहे. दुखत नाहीत म्हणून तू त्यांवर चालतोस, त्यांत माती जाते, आणि साखरेमुळं ते भरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पाय काळा पडायच्या आत आणा. उशीर झाला तर पाय जाईल, आणि विष वर चढलं तर माणूसही जाईल. हे त्यांचे शब्द आहेत.

तुझ्या पायांचं तीर्थ लोक पितात, हे आठवलं की मला कसंसंच होतं. ते सगळं बंद कर आणि निघून ये. मी तुझी थोरली बहीण आहे, ही विनंती नाही.

आक्का

*

धार, ता. २७ मे १९०८

तीर्थस्वरूप आक्कासाहेब यांस नमस्कार.

तुमच्या डोळ्यांसाठी मी निखाऱ्यांवर चाललो. त्या डोळ्यांनी दिसू लागल्यावर तुम्ही पहिली गोष्ट कोणती केलीत, तर माझ्यावर देवीची कृपा झालीच नाही हे मला कळवलंत. तेही परक्या माणसासमोर माझं पत्र वाचवून. तुमचे डॉक्टर मोठे असतील. त्यांनी कधी चुलीवर पाय ठेवला आहे का?

मी रोज घोड्यावर बसतो, रोज रपेट करतो. मरणाऱ्या माणसाची ही लक्षणं नव्हेत. यापुढं या विषयावर लिहू नये, अशी विनंती आहे.

गणोजी

*

धार, ता. १४ जून १९०८

वन्संसाहेबांच्या चरणी नर्मदेचा साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, तरी स्वतःच लिहिते. इकडं कळता कामा नये.

तुमचं पत्र इकडून मला दाखवणं झालं नाही, पण रागाच्या भरात थोडं थोडं बोलणं झालं, त्यावरून मी सगळं समजले. वन्सं, उजवा पाय फार वाईट आहे. तळव्याला रुपयाएवढं भोक पडलं आहे. परवा बूट काढताना आतून नालाचा खिळा निघाला, अर्धा रुतलेला. सकाळपासून तो पायात होता आणि इकडं पत्ता नाही. मी रडायला लागले तर हसून सांगणं झालं, बघ, आईनं कसं राखलं.

आता करंगळी निळी पडली आहे. वास येतो म्हणून अत्तर लावणं होतं. मंगळवारी माणसं येतात तेव्हा डावाच पाय पुढं करणं होतं, उजव्यावर शेला टाकलेला असतो. लोकांना वाटतं तीही काही रीतच आहे. माशांना मात्र ते समजत नाही. वैद्यबुवांना मी बोलावणार होते, पण गेल्या खेपेचा अपमान ते विसरलेले नाहीत, आणि इकडूनही दार लावून घेणं झालं.

मी काय करू? माझं ऐकणं होत नाही. तुमचंच होईल तर होईल.

तुमची,
नर्मदा

*

देवास, ता. १८ जून १९०८

चिरंजीव गणोजीस आशीर्वाद.

लिहू नये म्हणालास, तरी लिहिते. हे पत्र माझ्या हातचं आहे. चष्मा परवा आला. ओळी वरखाली झाल्या असतील तर समजून घे.

वाद नको. तुझं म्हणणं की देवीनं पाय राखले, माझं म्हणणं की पाय मेले. दोघांत एक कुणीतरी चुकतं आहे. ते बघायला एक सुई पुरे. नर्मदेला समोर बसव, डोळे मिट, आणि तिला तळपायाला सुई टोचायला सांग. टोचल्याचं कळलं की बोल. कळलं तर मी चुकले, मी स्वतः येऊन तुझ्या चुलीला तूप वाहीन आणि जन्मात डॉक्टरचं नाव काढणार नाही. कळलं नाही तर दुसऱ्या दिवशी गाडी जोडून निघायचं. आणि सुई निखाऱ्यासारखी देवाची नाही, शिंप्याची आहे. तिला कृपा करायचं काही कारण नाही.

एवढं तरी माझ्यासाठी कर. आग तुडवलीस, सुईला भ्यायचं काय कारण?

तुझी,
आक्का

*

धार, ता. २५ जून १९०८

तीर्थस्वरूप आक्कासाहेब यांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं वाकडंतिकडं अक्षर बघून माझा राग निम्मा उतरला होता. उरलेला काल गेला.

काल दुपारी ओसरीचं दार लावून घेतलं आणि नर्मदाबाईंना सांगितलं, आणा सुई. मी भिंतीला टेकून बसलो, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मला वाटलं त्या घाबरताहेत. मी म्हटलं, “अहो, टोचा की, किती वाट बघायची?” पुन्हा म्हटलं, “एकदा तरी टोचा!” तर हुंदका ऐकू आला. डोळे उघडले. दोन्ही पायांवर, बोटांपासून घोट्यांपर्यंत रक्ताचे ठिपकेच ठिपके होते, आणि सुई अजून डाव्या टाचेत उभी होती. त्यांनी ती तिथंच सोडून तोंड झाकून घेतलं होतं.

आक्का, मी लढाई पाहिली नाही, पण घोडी मरताना पुष्कळ पाहिली. माझ्या हाताखालच्या घोडीचा पाय असा असता तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. घोडं खूर टेकताना कसं टेकतं यावरून मी लंगडेपणा सांगतो, त्यासाठी लोक मला लांबून बोलावतात. स्वतःचा पाय मात्र मी दुधानं धुऊन घेत बसलो.

करंगळी काळी झाली आहे, शेजारचं बोटही. परवा निघतो. टांगा धक्के देतो म्हणून बैलांची दमणी जोडली आहे. मला भीती वाटते. पाय जाण्याची वाटतेच, पण त्याहून, मंगळवारी माणसं येतील तेव्हा त्यांना काय सांगायचं याची जास्त वाटते.

आपला,
गणोजी

*

धार, ता. ३० सप्टेंबर १९०८

तीर्थस्वरूप आक्कासाहेब यांच्या चरणी गणोजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. रस्त्यात चिखल होता, पण बैल चांगले होते. एवढे दिवस तुमच्या घरी राहून तुमच्या हातचं बेचव खाल्लं, आता इथं नर्मदाबाईही तसंच करतात. तुम्ही दोघींनी मिळून हा कट केला आहे. लघवी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे इथल्या दवाखान्यात तपासून घेतो. साखर आहे, पण पूर्वीइतकी नाही. उमाशंकर वैद्यांची मी घरी जाऊन क्षमा मागितली. ते म्हणाले, “रावसाब, हमने तो चींटी की पूछी थी, तम घोड़े ले आए.” मग दोघेही हसलो. ते आता एक दिवसाआड येऊन डावा पाय बघून जातात.

कापलेला पाय गुडघ्याखाली पूर्ण भरला आहे. डॉक्टरांना सांगा. त्यांनी क्लोरोफॉर्म देण्यापूर्वी मला स्पष्ट सांगितलं होतं की या रोगात अशी जखम भरेलच असं नाही, दहांतले कितीतरी जातात. मी राहिलो. कुबडी बगलेला टोचते. पागेतून मला काढलं नाही. बसून हुकूम सोडतो, आणि घोडी अजून ओळखतात.

मंगळवारी माणसं आली. मी आत लपणार होतो, पण मग बाहेर ओसरीवरच बसलो आणि धोतर वर करून तुटका पाय सगळ्यांना दाखवला. म्हटलं, मला भाजलं नाही कारण हा पाय आधीच मेला होता. रोग होता, कृपा नव्हती. ज्यांना फार तहान लागते, ज्यांच्या जखमा भरत नाहीत, त्यांनी दवाखान्यात जावं, माझ्या पायाशी येऊ नये. एक म्हातारी कानांवर हात ठेवून म्हणाली, “रावसाब, असो मत बोलो!” बाकीचे उठून गेले. आता मंगळवारी कुणी येत नाही. एकटा उदाजीराव येतो. त्याच्या पायांना मी सुई टोचून पाहिली. तो असा कळवळला की मला बरं वाटलं.

हे सगळं ठीक आहे. पण आक्का, एक गोष्ट मनातून जात नाही, ती तुम्हालाच सांगतो. मी आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली असं मला वाटत होतं. ती चूल. तुमच्यासाठी केली. आता कळतं की ती कुठल्याही मेलेल्या पायाला जमली असती. लाकडाचा पाय निखाऱ्यावरून नेला तर त्यात लाकडाचा काय पराक्रम? नवस खोटा, चालणं खोटं. तुमचे डोळे डॉक्टरांनी दिले, मी काहीच दिलं नाही. म्हणून यंदा भाऊबीजेला येत नाही. कुबडीचं निमित्त लोकांना सांगेन, तुम्हाला खरं कारण कळवलं.

आपला,
गणोजी

*

देवास, ता. १० ऑक्टोबर १९०८

चिरंजीव गणोजीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मी स्वतः वाचलं, दोनदा वाचलं, आणि रडले. डॉक्टरांनी त्या डोळ्याला रडायची मनाई केली आहे, तेव्हा हा अपराध तुझ्या नावावर.

दुसरा डोळा थंडीत करायचा आहे. दातांचं दुखणं मात्र मागं लागलं, दोन पडले. व्याह्याचे पाहुणे संपत नाहीत. तू डावा पाय रोज सकाळी उजेडात नर्मदेला दाखवत जा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. अनवाणी अंगणातही उतरू नकोस, आणि बूट घालण्याआधी आत हात घालून बघत जा. तुला दुखून कळणार नाही, तेव्हा डोळ्यांनीच कळायला हवं.

आता तुझं ते दुसरं. माझी बुद्धी घरकामापुरती आहे, पण यावर मी बरेच दिवस विचार केला, तू इथं खाटेवर पडला होतास तेव्हापासून. एवढंच सांग. चर धगधगत होता, तू काठावर उभा होतास, तेव्हा तुझा पाय मेलेला आहे हे कुणाला ठाऊक होतं? डॉक्टरांना नव्हतं. मला नव्हतं. तुला तर नव्हतंच. तू आपला धरून चालला होतास की आता भाजणार, कातडी सोलून निघणार. आणि तसं समजून तू पाय उचललास आणि आत टाकलास, माझ्यासाठी. भाजलं नाही हे तुला पाऊल टेकल्यावर कळलं. टेकण्याआधी नाही.

लाकडाचा पाय कुणीतरी उचलून न्यावा लागतो, बाबा. तुझा तू नेलास.

ज्या बाईसाठी कुणी एवढं करतो तिला भाऊबीजेला रिकाम्या पाटासमोर बसवू नये. दमणी जोड आणि ये. पाट मांडून ठेवते.

तुझी,
आक्का